राजाच्या नावावर काट: जेकब डुशे यांच्या प्रार्थनेचे प्रकरण

फिलाडेल्फिया शहरातल्या क्राइस्ट चर्चने अठराव्या शतकातले एक प्रार्थनापुस्तक जपून ठेवले आहे. त्यातल्या काही ओळींवर शाईने काट मारलेली आहे. त्या ओळी इंग्लंडच्या राजासाठी करायच्या विनंतीच्या आहेत: त्याला आयुष्य दे, आरोग्य दे, त्याच्या सर्व शत्रूंवर त्याला विजय दे. काट मारणारा हात रेव्हरंड जेकब डुशे यांचा, आणि तसा निर्णय झाला तो दिवस ४ जुलै १७७६. त्यानंतर पंधरा महिन्यांनी त्याच हाताने जॉर्ज वॉशिंग्टन यांना एक लांबलचक पत्र लिहिले. स्वातंत्र्याचा जाहीरनामा मागे घ्यायला लावा, अशी गळ त्यात घातली होती.

अमेरिकेच्या स्थापनेच्या वेळी कोण किती धार्मिक होते, यावर तिथे दरवर्षी ४ जुलैच्या सुमारास वाद रंगतो. एक बाजू डुशे यांच्या १७७४ च्या प्रार्थनेचे चित्र पुढे करते, दुसरी बाजू संविधानात देवाचे नाव नाही हे दाखवते. डुशे यांचे पुढे काय झाले, हे मात्र दोन्हीकडचे बहुधा सांगत नाहीत. मला ते सांगावेसे वाटते, कारण आमच्या मंडळीत पंधरा ऑगस्टच्या उपासनेत देशासाठीची प्रार्थना चालवण्याचे काम काही वर्षे माझ्याकडे आहे. कागद घेऊन बसले की पहिल्याच शब्दापाशी हात थबकतो. ‘हे परमेश्वरा, आम्ही’ असे लिहिते आणि विचार करते, आम्ही म्हणजे नेमके कोण? हाच शब्द डुशे यांना फार महागात पडला.

कारपेंटर्स हॉलमधली अडचण

५ सप्टेंबर १७७४ रोजी फिलाडेल्फियात सुतारांच्या संघाच्या इमारतीत, कारपेंटर्स हॉलमध्ये, पहिली कॉन्टिनेन्टल काँग्रेस भरली. तेरांपैकी बारा वसाहतींनी प्रतिनिधी पाठवले होते. जॉर्जियाचे कोणी आले नव्हते. स्वातंत्र्य मागायला कोणी आले नव्हते. चहाची खोकी समुद्रात फेकल्याबद्दल ब्रिटिश पार्लमेंटने बोस्टनचे बंदर बंद करून टाकले होते. त्यावर एकत्र काय करायचे, एवढेच ठरवायचे होते. यातले बरेच जण एकमेकांना पहिल्यांदाच पाहत होते.

दुसऱ्या दिवशी मॅसॅच्युसेट्सचे थॉमस कुशिंग यांनी सुचवले की कामकाजाची सुरुवात प्रार्थनेने व्हावी. न्यूयॉर्कचे जॉन जे आणि दक्षिण कॅरोलिनाचे रटलेज यांनी विरोध केला. दोघेही श्रद्धावान. त्यांचा मुद्दा असा, की सभेत एपिस्कोपल म्हणजे अँग्लिकन आहेत, क्वेकर आहेत, ॲनाबॅप्टिस्ट आहेत, प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल आहेत. या सगळ्यांना एका उपासनेत कसे बसवणार?

हा प्रश्न पोकळ नव्हता. अँग्लिकन पाळक छापील पुस्तकातून प्रार्थना वाचत. काँग्रिगेशनल लोकांना ती वाचीव प्रार्थना निर्जीव वाटे. त्यांचे पूर्वज त्याच पुस्तकाच्या सक्तीला कंटाळून समुद्र ओलांडून आले होते. क्वेकर तर पगारी पाळकच मानत नसत. ते शांत बसत आणि आत्मा बोलवील तेव्हाच बोलत. उभे राहायचे की गुडघे टेकायचे, डोळे मिटून ऐकायचे की पुस्तक पाहून एकसुरात म्हणायचे, इथूनच मतभेद होते. व्हर्जिनियात तर याच सुमारास परवान्याशिवाय उपदेश करणाऱ्या बॅप्टिस्टांना तुरुंगात टाकले जात होते. टाकणारे अधिकारी अँग्लिकन होते. त्याच व्हर्जिनियाचे प्रतिनिधी आता या खोलीत बसले होते.

(महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती वाचकाला हे पंथांचे नाव-गाव परके नाही. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात उत्तर भारतीय मंडळी, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, स्थापन झाली, तेव्हा अँग्लिकन, बॅप्टिस्ट, प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल परंपरा एका छताखाली आल्या. अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनमधून वाढलेल्या काँग्रिगेशनल मंडळ्याही त्यात होत्या. जॉन जे यांच्या आक्षेपाला उत्तर द्यायला इतका काळ लागला, आणि ते उत्तर आपल्या नागपुरात दिले गेले, याचा मला मनापासून आनंद वाटतो.)

तेव्हा सॅम्युअल ॲडम्स उभे राहिले. बोस्टनचे कट्टर काँग्रिगेशनल. अँग्लिकन चर्चबद्दलचा त्यांचा संशय सर्वांना ठाऊक होता. ते म्हणाले, मी काही संकुचित मनाचा माणूस नाही. प्रार्थना करणारा धर्मशील आणि सद्गुणी असावा, आणि आपल्या देशाचा मित्र असावा, म्हणजे मी ती कोणाच्याही तोंडून ऐकेन. मी या शहरात परका आहे, पण डुशे नावाच्या गृहस्थांची कीर्ती ऐकली आहे. ते एपिस्कोपल पाळक आहेत, उद्या सकाळी त्यांनाच बोलवावे. प्रस्ताव मान्य झाला. सभेचे अध्यक्ष पेटन रँडॉल्फ यांनी डुशे यांच्याकडे जाऊन विनंती केली.

सात सप्टेंबरची सकाळ

आदल्या दिवशी, ६ सप्टेंबरला, दुपारी फिलाडेल्फियात भयंकर बातमी येऊन थडकली: ब्रिटिशांनी बोस्टनवर तोफा डागल्या, माणसे मेली. शहरातल्या घंटा दुखवट्याच्या सुरात वाजू लागल्या. बोस्टनच्या प्रतिनिधींची बायकामुले तिकडे होती. ती रात्र त्यांनी कशी काढली असेल?

सकाळी डुशे आले, पूर्ण पाळकी वस्त्रांत, बरोबर प्रत्युत्तरे म्हणणारा कारकून. आधी त्यांनी पुस्तकातल्या नेमलेल्या प्रार्थना वाचल्या. मग त्या दिवसासाठी नेमलेले स्तोत्र उघडले. अँग्लिकन पद्धतीत दीडशे स्तोत्रे महिन्याच्या तीस दिवसांत सकाळ-संध्याकाळ वाटून दिलेली असतात. सातव्या दिवसाची सकाळ स्तोत्र ३५ ने सुरू होते: हे परमेश्वरा, माझ्याशी भांडणाऱ्यांशी तू भांड, माझ्याशी लढणाऱ्यांशी तू लढ. ढाल घे आणि माझ्या मदतीला उभा राहा. पुढे खोट्या साक्षीदारांची तक्रार आहे, आणि देशात शांतपणे राहणाऱ्यांविरुद्ध कपट रचणाऱ्यांचीही.

मॅसॅच्युसेट्सचेच दुसरे प्रतिनिधी जॉन ॲडम्स यांनी १६ सप्टेंबरला पत्नी ॲबिगेल यांना जे पत्र लिहिले, त्यातून ही सकाळ आपल्याला कळते. स्वर्गानेच ते स्तोत्र त्या सकाळसाठी नेमले असावे असे वाटले, असे ते लिहितात. त्यानंतर कोणाच्या ध्यानीमनी नसताना डुशे यांनी पुस्तक बाजूला ठेवले आणि मनातून आलेल्या शब्दांत प्रार्थना करू लागले. अमेरिकेसाठी, काँग्रेससाठी, मॅसॅच्युसेट्ससाठी, आणि विशेषतः बोस्टन शहरासाठी. ॲडम्स कबूल करतात की यापेक्षा चांगली प्रार्थना आपण कधी ऐकली नाही. एपिस्कोपल असूनही हा माणूस आमच्या बोस्टनच्या पाळकांपेक्षा, डॉक्टर कूपर यांच्यापेक्षा, अधिक तळमळीने बोलला. ते पत्नीला सांगतात, हे पत्र आणि ते स्तोत्र मित्रांना वाचून दाखव, तुझ्या वडिलांनाही.

इथे मी थोडा वेळ थांबते, कारण या प्रकरणात माझा सर्वांत जास्त जीव याच क्षणात आहे. अँग्लिकन पाळकाने पुस्तक मिटणे म्हणजे काँग्रिगेशनल माणसाच्या घरात पाऊल टाकणे होते. काल सॅम्युअल ॲडम्स त्याच्याकडे सरकले होते, आज तो त्यांच्याकडे सरकला. जॉन जे यांचा प्रश्न वादाने सुटला नव्हता. तो असा सुटला.

आणि तरी दोन गोष्टी नजरेआड करता येत नाहीत.

पहिली: ती बातमी खोटी होती. १ सप्टेंबरला ब्रिटिश जनरल गेज यांच्या सैनिकांनी बोस्टनजवळच्या दारूखान्यातून बंदुकीची दारू हलवली होती. गोळी सुटली नव्हती. गावोगाव पोचताना अफवेचा वणवा झाला. दोन दिवसांत खुलासा आला. म्हणजे ज्या आगीच्या उजेडात ते स्तोत्र इतके तेजस्वी दिसले, ती आग लागलीच नव्हती. यामुळे प्रार्थना खोटी ठरते असे मी म्हणणार नाही. भ्यालेल्या माणसाची हाक खरीच असते. पण ‘देवाने आजच्यासाठीच हे वचन नेमले’ असे म्हणताना आपल्या हातातली बातमी तपासली आहे का, हे विचारायला हवे. शिवाय त्या सकाळी अँग्लिकन पुस्तकातून प्रार्थना करणाऱ्या प्रत्येकासमोर तेच स्तोत्र होते, लंडनमध्येही. ‘माझ्याशी लढणाऱ्यांशी लढ’ ही विनंती दोन्ही किनाऱ्यांवरून एकाच दिवशी वर गेली.

दुसरी: त्या निवडीत राजकारण होते, आणि ते कोणी लपवले नव्हते. ९ सप्टेंबरला सॅम्युअल ॲडम्स यांनी बोस्टनच्या जोसेफ वॉरन यांना लिहिले, की आपल्या बाजूचे कितीतरी उत्साही मित्र अँग्लिकन आहेत, म्हणून त्याच चर्चचा पाळक सुचवणे मला शहाणपणाचे वाटले. फिलाडेल्फियाचे जोसेफ रीड तर जॉन ॲडम्स यांना म्हणाले की याहून हुशारीची चाल तुम्ही खेळला नव्हतात. श्रद्धा आणि डावपेच असे एकाच माणसात, एकाच वाक्यात नांदताना पाहून मला धक्का बसत नाही. एकोपा घडवण्यासाठी आपल्या आवडीचा पाळक बाजूला ठेवणे हा डावपेचही आहे आणि नम्रताही.

आता थोडे त्या प्रार्थनेच्या मजकुराबद्दल. आज डुशे यांची म्हणून एक सुंदर प्रार्थना सगळीकडे छापलेली दिसते. ‘या आमच्या अमेरिकन राज्यांकडे कृपादृष्टीने पाहा’ असे तिच्यात आहे. सप्टेंबर १७७४ मध्ये ‘राज्ये’ कुठून आली? तेव्हा त्या वसाहती होत्या आणि सभेतला प्रत्येकजण स्वतःला राजाचा प्रजाजन म्हणवत होता. मला तो मजकूर जाहीरनाम्यानंतरचा वाटतो. जॉन ॲडम्स यांनी प्रार्थनेचा विषय सांगितला, शब्द लिहून ठेवले नाहीत. एकोणिसाव्या शतकातल्या प्रसिद्ध चित्रात प्रतिनिधी गुडघे टेकून दिसतात. ॲडम्स यांच्या पत्रात गुडघ्यांचा उल्लेख नाही.

शपथ आणि काट

डुशे फिलाडेल्फियातच जन्मले आणि तिथल्याच कॉलेजात शिकले. वाणी गोड, स्वभाव हळवा. अमेरिकेत तेव्हा अँग्लिकन बिशप नव्हता, त्यामुळे दीक्षेसाठी प्रत्येकाला इंग्लंडला जावे लागे आणि तिथे राजाशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घ्यावी लागे. डुशे यांनीही ती घेतली होती. काँग्रिगेशनल पाळकाच्या गळ्यात असे काही नव्हते. ज्यांनी डुशे यांना बोलावले त्यांच्यापैकी किती जणांनी या फरकाचा विचार केला असेल?

१७७५ मध्ये ते क्राइस्ट चर्च आणि सेंट पीटर्स या जोडमंडळ्यांचे प्रमुख पाळक झाले. त्याच वर्षी २० जुलैला काँग्रेसने सर्व वसाहतींत उपास आणि प्रार्थनेचा दिवस पाळला. डुशे यांनी काँग्रेससमोर स्तोत्र ८० मधल्या द्राक्षवेलीवर प्रवचन दिले: ही वेल तू लावलीस, आता तिच्याकडे पाहा. आपण अन्यायाचा प्रतिकार करतो आहोत, राजाशी नाते तोडत नाही, अशी त्यांची समजूत होती, आणि त्या वेळी ती बहुतेकांचीच होती.

मग स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा दिवस, ४ जुलै १७७६, उजाडला. त्याच दिवशी डुशे यांच्या घरी मंडळीच्या पंचांची बैठक झाली. प्रश्न साधा आणि भयानक होता: येत्या रविवारी काय वाचायचे? पुस्तकात लिहिल्याप्रमाणे राजाला शत्रूंवर विजय मागितला, तर ‘शत्रू’ म्हणजे समोर बाकांवर बसलेले लोक. न मागितला, तर दीक्षेची शपथ मोडली. मंडळीच्या शांतीसाठी आणि भल्यासाठी राजासाठीच्या विनंत्या वगळाव्यात, असे ठरले. डुशे यांनी लेखणी उचलली.

पाच दिवसांनी, ९ जुलैला, काँग्रेसने त्यांना आपला चॅप्लेन, म्हणजे अधिकृत पाळक, नेमले. ऑक्टोबरमध्ये त्यांनी प्रकृती आणि मंडळीच्या कामाचे कारण देऊन पद सोडले. काँग्रेसने देऊ केलेले दीडशे डॉलर त्यांनी युद्धात पडलेल्या पेनसिल्व्हेनियाच्या अधिकाऱ्यांच्या कुटुंबीयांना द्यायला सांगितले. त्यांना भित्रा म्हणून मोकळे होणाऱ्यांनी हे दीडशे डॉलरही हिशेबात धरावेत.

पत्र

सप्टेंबर १७७७ मध्ये ब्रँडीवाइनच्या लढाईत वॉशिंग्टन हरले. काँग्रेस शहर सोडून पळाली. २६ सप्टेंबरला ब्रिटिश फौज फिलाडेल्फियात शिरली. डुशे मागे राहिले. त्यांना अटक झाली, पण लवकरच सुटका झाली. क्राइस्ट चर्चमध्ये राजासाठीची प्रार्थना पुन्हा सुरू झाली. ४ ऑक्टोबरला जर्मनटाउनला वॉशिंग्टन पुन्हा हरले. आणि ८ ऑक्टोबरला डुशे यांनी ते पत्र लिहिले.

पत्रात ते म्हणतात की स्वातंत्र्य आपल्याला कधीच नको होते. चॅप्लेनपद आपण घाईत, आपल्या मंडळ्या वाचाव्यात म्हणून स्वीकारले. काँग्रेसमधले लोक हलक्या प्रतीचे आहेत, सैन्य दुबळे आहे, फ्रान्सची मदत ही आशाच आहे. तुम्ही काँग्रेसला जाहीरनामा मागे घ्यायला आणि युद्ध थांबवायला सांगा. ऐकले नाही तर सैन्याचे प्रमुख म्हणून तुम्हीच बोलणी करा. एलिझाबेथ ग्रॅम फर्ग्युसन या ओळखीच्या बाईंच्या हाती पत्र गेले. वॉशिंग्टन यांनी ते लपवले नाही. १६ ऑक्टोबरला काँग्रेसकडे धाडून दिले. दुसऱ्याच दिवशी, १७ ऑक्टोबरला, साराटोगा इथे एक अख्खी ब्रिटिश फौज शरण आली. पत्र लिहिल्याला तेव्हा नऊच दिवस झाले होते.

डुशे यांचे मेहुणे फ्रान्सिस हॉपकिन्सन यांनी जाहीरनाम्यावर सही केली होती. त्यांचे उत्तर रागाने आणि दुःखाने पेटलेले होते. पण मला जास्त लागते ते जॉन ॲडम्स यांचे वाक्य. २५ ऑक्टोबरला त्यांनी पुन्हा ॲबिगेल यांनाच लिहिले: सांगायला वाईट वाटते, डुशे धर्मभ्रष्ट आणि देशद्रोही निघाला. बिचारा! त्याच्या दुबळेपणाची मला कीव येते, त्याच्या दुष्टपणाचा तिटकारा. तीन वर्षांपूर्वी याच पतीने याच पत्नीला त्या प्रार्थनेबद्दल लिहिले होते.

डिसेंबरात डुशे इंग्लंडला निघून गेले. पेनसिल्व्हेनियाने त्यांना देशद्रोही ठरवले, घरदार जप्त केले. लंडनच्या लॅम्बेथ भागात अनाथ मुलींच्या आश्रमाचे चॅप्लेन म्हणून त्यांनी दिवस काढले. १७८३ मध्ये परतण्यासाठी वॉशिंग्टन यांच्याकडे विनवणी केली. उत्तर सौजन्याचे आले, पण परवानगी द्यायची की नाही हे राज्याने ठरवायचे, असे त्यात होते. १७९२ मध्ये ते परतले, अर्धांगाच्या झटक्याने खचलेले. जानेवारी १७९८ मध्ये त्याच शहरात गेले.

माझे मत सांगते. डुशे यांनी ते पत्र लिहायला नको होते. हरणाऱ्या सेनापतीला विजेत्याच्या छावणीतून असा सल्ला द्यायचा नसतो. राजाशी निष्ठा असेल तर ४ जुलैला ती सांगून पद सोडायला हवे होते. तसे करणारे, आपल्या उपासना बंद ठेवणारे, हाल सोसणारे अँग्लिकन पाळक तेव्हा होते. पण डुशे यांना द्रोही म्हणणाऱ्यांनी एक गोष्ट विसरू नये. १७७४ मध्ये त्यांच्या तोंडून जी प्रार्थना मागितली गेली ती ‘राजाच्या न्यायासाठी तळमळणाऱ्या प्रजेची’ होती. ‘आम्ही’ हा शब्द तोच राहिला आणि दोन वर्षांत त्याचा अर्थ पायाखालून सरकला. दर आठवड्याला उभे राहून सर्वांच्या वतीने ‘आम्ही’ म्हणणाऱ्याला ते पहिल्यांदा जाणवते. इतरांना गप्प राहता येते, पाळकाला नाही.

त्या ‘आम्ही’बाहेर आणखीही कोणी होते. कारपेंटर्स हॉलमध्ये मुक्तीची याचना ऐकणाऱ्या कित्येकांच्या घरी गुलाम होते, आणि ॲडम्स यांनी प्रार्थनेचे जे विषय नोंदवले त्यात त्या गुलामांचा उल्लेख नाही. त्याच फिलाडेल्फियात गुलामीत राहून सुटलेले ॲब्सलम जोन्स यांनी १७९४ मध्ये कृष्णवर्णीयांची स्वतंत्र एपिस्कोपल मंडळी उभी केली. १ जानेवारी १८०८ रोजी गुलामांची आयात कायद्याने थांबली, तेव्हा त्यांनी निर्गम पुस्तकातल्या वचनावर आभाराचे प्रवचन दिले: मी माझ्या लोकांचे हाल पाहिले आहेत. १८७३ मध्ये जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकन लोकांना अर्पण केले, ते जोन्स यांच्या प्रार्थनेच्या बाजूचे अमेरिकन होत.

विल्यम व्हाइट यांचा निर्णय

डुशे यांच्या हाताखाली १७७२ पासून विल्यम व्हाइट नावाचे तरुण पाळक होते. काँग्रेस पळत असताना, ऑक्टोबर १७७७ मध्ये, तिने चॅप्लेनपदी दोघांना नेमले: अँग्लिकन व्हाइट आणि प्रेस्बिटेरियन जॉर्ज डफील्ड. पंथांचा प्रश्न आता दोन खुर्च्यांनी सोडवला होता. व्हाइट यांनी सर्वांत वाईट दिवसांत ते पद घेतले आणि सोडले नाही. (याच काळात काँग्रेसने १८ डिसेंबर १७७७ हा आभाराचा दिवस जाहीर केला; त्याचा मसुदा सॅम्युअल ॲडम्स यांचा, आणि त्यात येशू ख्रिस्ताचे नाव स्पष्ट आहे. दहा वर्षांनी संविधान सभेत वृद्ध बेंजामिन फ्रँकलिन यांनी रोज प्रार्थना करावी असे सुचवले, तेव्हा मात्र ते मतालाही गेले नाही.)

युद्ध संपले. अमेरिकेतल्या अँग्लिकनांना नवे प्रार्थनापुस्तक हवे होते, कारण जुन्यात राजा होता. १७८५ मध्ये फिलाडेल्फियात भरलेल्या अधिवेशनाने त्यासाठी एक नवी उपासना मंजूर केली: दरवर्षी ४ जुलैला, धार्मिक आणि नागरी स्वातंत्र्याबद्दल देवाचे आभार मानण्याची. १७८६ च्या प्रस्तावित पुस्तकात ती छापलीही गेली.

विरोध व्हाइट यांनी केला. काँग्रेसचे चॅप्लेन राहिलेले, ज्यांच्या देशनिष्ठेवर बोट ठेवायची कोणाची छाती नव्हती, त्यांनी. त्यांचे म्हणणे असे: आपल्या पाळकांपैकी बहुसंख्य क्रांतीच्या विरोधात होते. त्यांनी आता सत्ता मान्य केली आहे, प्रामाणिकपणे कायदा पाळतात. त्यांना वेदीपाशी उभे करून ‘हे देवा, त्या क्रांतीबद्दल आभार’ म्हणायला लावायचे? म्हटले तर ढोंगी, न म्हटले तर द्रोही. त्यांनी स्वतः आपल्या चर्चमध्ये ती उपासना अधिवेशनाचा मान राखून चालवली. पण १७८९ मध्ये पुस्तक पक्के झाले, तेव्हा ४ जुलैची उपासना त्यात नव्हती.

व्हाइट यांनी आपल्या जुन्या गुरूचे नाव या संदर्भात घेतले असे मी म्हणत नाही. पण ज्याने तो हात काट मारताना आणि तोच हात पत्र लिहिताना जवळून पाहिला, त्यानेच हे म्हणावे, हा मला योगायोग वाटत नाही. आणि १७८७ मध्ये व्हाइट यांनी बिशपपदाची दीक्षा घेतली, ती लंडनला, लॅम्बेथच्या राजवाड्यातच. आश्रमातल्या अनाथ मुलींसाठी प्रार्थना करणारे डुशे त्याच भागात होते.

४ जुलैला त्या पुस्तकात परत जागा मिळाली १९२८ मध्ये, क्रांती पाहिलेले सगळे मातीत गेल्यावर. कोणाला खोटे बोलायला लावण्याचा प्रश्न आता उरला नव्हता. त्या दिवसासाठी जी वाचने नेमली, ती दोन आहेत. पहिले बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या दहाव्या अध्यायातले: परक्यावर प्रीती करा, कारण तुम्हीही मिसर देशात परके होता. दुसरे मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायातले: आपल्या वैऱ्यांवर प्रीती करा.

हे वाचल्यावर मी परत स्तोत्र ३५ उघडले. कारपेंटर्स हॉलमध्ये ते गाजले पहिल्या ओळीमुळे. मधोमध, तेराव्या ओळीत, दावीद ज्यांच्याविरुद्ध दाद मागतो आहे त्यांच्याबद्दलच सांगतो, की ते आजारी होते तेव्हा मी गोणपाट नेसलो, त्यांच्यासाठी उपास केला. डुशे यांनी ७ सप्टेंबरला पूर्ण स्तोत्र वाचले, म्हणजे ती ओळही त्या खोलीत मोठ्याने म्हटली गेली. यंदाच्या पंधरा ऑगस्टच्या प्रार्थनेचा माझा कागद अजून कोरा आहे. वर मी फक्त ती तेरावी ओळ उतरवून ठेवली आहे.